ओसरीवरची पाहुणी

हर्षदा खैरमोडेचं निम्मं आयुष्य दुसऱ्यांच्या घरी पाहुणी म्हणून जाण्यात गेलं होतं, आणि तेही कऱ्हाडच्या आपल्या फ्लॅटबाहेर पाऊल न टाकता. विशीत ती ब्लॉग लिहायची. स्वतःच्या ब्लॉगवर कुत्रंसुद्धा फिरकत नसे. तेव्हा एका मुरलेल्या लेखिकेनं तिला कानमंत्र दिला होता. ज्याच्याकडे वाचक जमतात त्याच्या ब्लॉगवर पाहुणी म्हणून जा. फुकट लिही, पण तुझ्याकडचं सगळ्यात चांगलं ते लिही. लेखाखाली दोन ओळींत तुझी ओळख आणि तुझा पत्ता येईल. ज्यांना आवडेल ते शोधत येतील. हर्षदानं हे अगदी मनावर घेतलं. ती प्रवासाच्या ब्लॉगवर गेली, पालकत्वाच्या ब्लॉगवर गेली. एकदा तर पाण्याच्या मोटारी विकणाऱ्या कंपनीच्या ब्लॉगवर जाऊन विहिरींबद्दल इतकं हळवं लिहून आली, की मालकानं फोन करून विचारलं, "बाई, यात आमची मोटर कुठंय?"

पुढे लिहिण्याचं काम यंत्रांनी घेतलं. मग वाचण्याचंही त्यांनीच घेतलं. एक यंत्र लिहायचं, दुसरं त्याचा सारांश काढायचं, आणि माणसं मधल्या मध्ये मोकळी झाली. हर्षदाच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी लेखन सोडून बरे धंदे धरले. जे हट्टी होते ते मात्र झोपेकडे वळले, कारण तेवढीच एक जागा अशी उरली होती जिथं माणूस दुसऱ्या कुणाला आपल्या वतीनं पाठवू शकत नव्हता.

हे कसं घडलं ते सांगायला हवं. कानामागं चिकटवायची एक चकती निघाली होती, सुपारीच्या खांडाएवढी. ती कातडीवरून मेंदूतल्या लहरी ओळखायची. डोळा लागण्याच्या उंबरठ्यावर माणूस काही क्षण असा असतो, की तो अजून ऐकत असतो पण ऐकलेल्यावर शंका घेणं त्यानं थांबवलेलं असतं. त्या नेमक्या क्षणी चकती अगदी हलक्या आवाजात काही वाक्यं बोलायची. झोपणारा त्यामुळे जागा होत नसे. त्या वाक्यांभोवती त्याचा मेंदू स्वतःचं स्वप्न विणत जायचा. लेखकानं लिहायचं ते एवढंच, एक छोटंसं बीज. बाकीचं घरदार, चेहरे, झाडं, आवाज ज्याचे त्यानं आणायचे. लेखकानं 'दार' म्हटलं तर प्रत्येकाचं दार वेगळं उघडायचं.

यंत्रांनी ही बीजंही लिहून पाहिली. पण ती रुजत नव्हती. मेंदूला म्हणे सगळं गुळगुळीत चालत नाही. त्यात एखादा खडा लागतो, कुणीतरी खरोखर जगलेला, थोडासा बोचणारा तपशील. तो असला की मेंदू त्याच्याभोवती स्वप्न धरतो. खडा फक्त माणसांकडे होता, आणि त्यामुळे हर्षदासारख्यांच्या चुली पेटत होत्या.

तिनं स्वतःची वाहिनी काढली आणि तिचं नाव ठेवलं 'निवांत'. तिथं तेच घडलं जे ब्लॉगवर घडलं होतं. तिची शाळेतली मैत्रीण, वरच्या मजल्यावरच्या काकू आणि काही चुकून आलेले लोक, एवढाच गोतावळा. म्हणून तिनं पुन्हा जुना मंत्र काढला. यावेळी तिला पुण्याच्या यामिनी गोरक्षकरांच्या 'ओसरी'वर पाहुणी म्हणून जायचं होतं. महाराष्ट्रात दुपारी जेवून आडवी होणारी माणसं कमी नाहीत, आणि त्यांतली लाखभर तरी कानामागं 'ओसरी' लावून आडवी होत. यामिनीताई दर आठवड्याला एका पाहुण्याचं स्वप्न घेत. पैसे देत नसत. उलट बीज कायमचं त्यांचं होई, परत मागता येत नसे. एवढं असूनही पाहुण्यांची रांग लागलेली असे.

"पाठव," यामिनीताईंनी फोनवर सांगितलं. "पण खरं काहीतरी पाठव हं. आणि चाखल्याशिवाय पाठवू नकोस."

चाखणं हा या धंद्यातला रिवाज होता. लेखकानं आपलं बीज आधी स्वतः झोपून पाहायचं, एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, म्हणजे त्यात कुणी दचकेल असं काही राहिलंय का ते कळतं. हर्षदानं पुष्कळ बीजं चाखली होती. पण ती इकडून तिकडून गोळा केलेली होती. या वेळी तिनं कपाटाच्या तळाशी जपून ठेवलेलं लुगडं काढावं तशी एक आठवण बाहेर काढली.

हर्षदाची आई, विजया, लेक पाचवीत असतानाच कावीळ होऊन गेली होती. तिचे फोटो होते. आवाज ज्या फोनमध्ये होता तो फोन पुढे पुराच्या पाण्यात गेला. आईच्या आठवणी हर्षदाकडे मोजक्याच होत्या, आणि त्यांतली ही सगळ्यात जवळची. आई कऱ्हाडच्या शनिवार पेठेत कॉम्प्युटरचा क्लास चालवायची. त्या काळी भर दुपारी लोडशेडिंग व्हायचं. वीज गेली की विद्यार्थी घरी पळायचे, पंखा रेंगाळत रेंगाळत थांबायचा, आणि कापडी झाकणं घातलेले मॉनिटर ओळीनं गप्प बसायचे. मग आई थंडगार फरशीवर सतरंजी टाकून हर्षदाला निजवायची. सतरंजीखालून गेलेली वायर पाठीला टोचायची. खिडकीच्या गजांमधून ऊन यायचं म्हणून आई आपला तळहात तिच्या डोळ्यांवर ठेवायची. बोटांना प्रिंटरच्या शाईचा वास असायचा, आणि बोटांच्या फटींतून लालसर अंधार दिसायचा. आई हळूच काहीतरी म्हणायची आणि हर्षदा झोपून जायची.

बीज लिहिताना हर्षदा त्या 'काहीतरी'पाशी थांबली. पाहुण्याची खरी अडचण इथंच होती. ब्लॉगवर लेखाखाली पत्ता देता येत असे. स्वप्नाखाली काय देणार? जाग आल्यावर स्वप्न कुणी लिहिलं होतं हे कुणालाच आठवत नाही. मनात नुसता ओलावा राहतो आणि तो यजमानाच्या नावावर जमा होतो. कितीतरी पाहुणे 'ओसरी'वर येऊन, लाख माणसांना रडवून, जसे आले तसे अनोळखी परत गेले होते.

आणि तिला युक्ती सुचली. स्वप्नातल्या आईनं डोळ्यांवर हात ठेवायचा आणि म्हणायचं, "निवांत." जागं होताना माणसाच्या जिभेवर तो शब्द असेल. डोळे उघडून तो पाहील तर समोर फोनवर आजच्या पाहुणीचं नाव, हर्षदा खैरमोडे, आणि पुढे तिच्या वाहिनीचं, 'निवांत'. आत कुठेतरी टिचकी वाजेल. हर्षदा स्वतःवर इतकी खूश झाली की तिनं स्वतःसाठी दुसरा कप चहा टाकला.

मग तिनं ते चाखलं. रोज दुपारी जेवण झालं की ती चकती लावून कलंडायची, आणि रोज ती दुपार नव्या रूपात यायची. एकदा क्लासची फरशी कोयनेचं पाणी झाली आणि मॉनिटर त्यावर दिव्यांसारखे तरंगत निघाले; सतरंजी तराफ्यासारखी मधोमध, त्यावर ती आणि आई. एकदा छत नव्हतंच, पंख्याची पाती आभाळात फिरत होती आणि त्यांच्या सावलीत सगळं कऱ्हाड झोपलं होतं. आई प्रत्येक वेळी तळहात टेकवायची, हसायची आणि म्हणायची, "निवांत." हर्षदा उठायची तेव्हा उशी ओली असायची आणि अंग पिसासारखं हलकं झालेलं असायचं. इतकं सुख तिला लिहिण्यातून कधी मिळालं नव्हतं.

'ओसरी'वर ते बीज गेलं आणि तिच्या युक्तीनं काम केलं. नुसतं काम केलं म्हणणं कमीच होईल. अकोल्याच्या एका बँक मॅनेजरबाईंनी लिहिलं, "तुम्ही आमच्या नात्यातल्या आहात का? नाव पाहिलं आणि एकदम ओळखीचं वाटलं." शिरपूरच्या एका शिक्षकाच्या स्वप्नात क्लासच्या जागी त्याच्या मामांची पिठाची गिरणी आली होती; तो लिहीत होता की कुणाचा तरी हात डोळ्यांवर आला आणि त्याला आईचे हात पहिल्यांदा आठवले. हर्षदा दाताच्या डॉक्टरांकडे गेली तर खुर्ची मागे घेत डॉक्टर म्हणाले, "निवांत व्हा," आणि आपण असं का म्हणालो म्हणून स्वतःच चकित झाले. हर्षदाच्या वाहिनीवर लोक येत राहिले आणि आलेले थांबले. ते तिला ताई म्हणत होते, मावशी म्हणत होते. एका आजोबांनी तर तिच्या पत्त्यावर आवळ्याची सुपारी पाठवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक तिच्या घरी आले होते, आणि तिला मनापासून वाटलं की आपण आता पाहुणी राहिलो नाही.

या सगळ्याकडे हर्षदाचे वडील, अण्णा, गॅलरीतल्या खुर्चीतून बघत. अण्णांनी आयुष्यभर एसटीच्या डेपोत इंजिनं दुरुस्त केली होती. पूर्वी ते गॅलरीत बसून नुसत्या आवाजावरून सांगायचे, ही गाडी पाटणची, हिचा गिअरबॉक्स गेलाय. आता बस विजेवर चालायच्या. "आली कधी, गेली कधी, काय कळत न्हाई," ते कुरकुरायचे. बायको गेल्यापासून ते दुपारी झोपले नव्हते. लेकीच्या धंद्याची त्यांना गंमत वाटायची, पण चकतीला त्यांनी कधी हात लावला नव्हता.

एके दिवशी चारच्या चहाला ते चेहरा धुऊन आले आणि कप हातात धरून बसले. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"अण्णा, बरं वाटत नाही का?"

"झोप लागली हुती." ते लाजल्यासारखे हसले. "आमच्या पेन्शनर कट्ट्यावरच्या पवारानं ते दिलंय, कानामागं लावायचं. गेला म्हैना लावतोय. तुला सांगितलं न्हाई, म्हटलं हसशील."

"हसेन कशाला?"

"तुझी आई येती गं." कपाकडे बघतच ते म्हणाले. "रोज यायची न्हाई. पण येती. क्लासातच असती. मी दारात हुबा असतो, आणि तू सतरंजीवर पडलेली. लई शांत वाटतं. मग मला झोप लागती."

हर्षदानं ते स्वप्न लगेच ओळखलं. लेखकाच्या आयुष्यात याहून मोठं बक्षीस ते काय असणार? बीज आपण लिहिलंय हे सांगायला तोंड उघडलं आणि तिनं ते तसंच मिटलं. सांगितलं तर त्यांची झोप मोडेल असं तिला वाटलं. त्या दिवसापासून अण्णा रोज दुपारी निजू लागले, त्यांच्या गालांवर थोडं मांस चढलं, आणि हर्षदा दार लोटून घेऊन आत लिहीत बसू लागली.

पुढच्याच आठवड्यात यामिनीताईंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा एक पट्टी वर होता.

"अगं हर्षदा, तुझं बीज नुसतं रुजलं नाही, फोफावलंय! लोक दुसरं काही मागतच नाहीत. मी काय म्हणते, पाहुणी वगैरे पुरे झालं. तू 'ओसरी'ची घरचीच हो. मालिका करू. आईची मालिका. नाव तुझं, वरती, माझ्या बरोबरीनं. मानधन नीट देईन."

हर्षदाला क्षणभर ऐकूच येईना. या एका वाक्यासाठी ती विशीपासून लोकांच्या दारात उभी राहिली होती.

"फक्त एक कर," यामिनीताई म्हणाल्या. "त्या दुपारची मूळ आठवण मला सविस्तर लिहून दे. बीजात न आलेलं, वापरायचं राहिलेलं सगळं. त्यातून आपण पुढची बीजं काढू."

हर्षदा दुसऱ्या दिवशी सकाळी, घर झाडून-पुसून, ताज्या मनानं लिहायला बसली. तिनं डोळे मिटले. वीज गेली. पंखा थांबला. आई आली, बाजूला टेकली, हसली आणि म्हणाली, "निवांत."

नाही, हे नाही, असं म्हणत हर्षदानं डोळे उघडले आणि पुन्हा मिटले. वीज गेली. पंखा थांबला. आई हसली.

आई हसायची का? ती निजवताना हसायची की थकलेली असायची? कुठली साडी होती? साडी होती की ड्रेस? सतरंजीची वायर टोचत होती, तेवढी अजून खरी होती. पण वर पाहिलं की तिथं स्वप्नातली बाई होती, सुंदर, संथ, आणि ती हर्षदाच्या वाहिनीचं नाव घेत होती. तो शब्द आपण घातलाय हे तिला पक्कं माहीत होतं. त्याच्या आधी तिथं दुसरा काही शब्द होता हेही माहीत होतं. तो कुठला, ते मात्र तिला काही केल्या आठवेना.

तिला याचं शास्त्र ठाऊक नव्हतं असं नाही. आठवण ही कपाटातली वस्तू नसते, जी काढली, पाहिली आणि परत ठेवली. आपण आठवण काढतो तेव्हा मेंदू ती मऊ करून पुन्हा नव्यानं लिहितो, आणि लिहिताना त्या क्षणी आसपास जे असेल ते त्यात मिसळतं. म्हणून फार आठवलेली गोष्ट फार बदललेली असते. आई क्लासमध्ये पोरांना पहिला धडा हाच द्यायची: दुसऱ्याच्या फाइलमध्ये काम करायचं तर आधी तिची प्रत दुसऱ्या नावानं ठेवा, नाहीतर मूळ पुसलं जाईल. मेंदूत तशी सोय नव्हती. त्याच्याकडे एकच फाइल होती आणि हर्षदानं ती दुपारमागून दुपार उघडून, वरून लिहून, बंद केली होती. धंद्यातल्या सगळ्यांना हे ऐकून माहीत होतं. पण इकडून तिकडून गोळा केलेलं चाखताना काही जात नाही, म्हणून कुणी त्याची पर्वा केली नव्हती.

ती धावतच गॅलरीत गेली. त्या दुपारचा आणखी एक साक्षीदार होता. अण्णा जेवायला डेपोतून क्लासवर यायचे.

"अण्णा, लोडशेडिंगच्या वेळी आई मला निजवायची ना, तेव्हा काय म्हणायची हो?"

अण्णांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"'निवांत' म्हनायची की," ते प्रसन्न हसत म्हणाले. "डोळ्यांवर हात ठेवायची आणि म्हनायची, निवांत. अजून कानात हाय."

हर्षदा तिथंच, उंबऱ्यावर बसली. तिला हुंदका आवरेना. अण्णा घाबरून उठले, पाणी आणायला निघाले, तिनं त्यांचा हात धरून खाली बसवलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सगळं सांगितलं: 'ओसरी', बीज, चाखणं, आणि तो शब्द आईच्या तोंडी तिनं का घातला ते.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. यंत्राचा बिघाड ऐकताना ते असेच मान कलती करून बसत.

"म्हंजे ती जाहिरात हुती," ते शेवटी म्हणाले.

"अण्णा..."

"तुझ्या दुकानाची पाटी. ती तिच्या गळ्यात अडकवलीस."

"लोकांना माझं नाव लक्षात राहावं म्हणून, अण्णा. मला वाटलं एकच शब्द आहे, त्यानं काय होतंय."

"मग खरं काय म्हनायची?"

हर्षदानं डोळे मिटून पुन्हा एकदा पाहिलं.

"सांग की. तू तर तिच्या हाताखाली पडलेली असायचीस. खरं काय म्हनायची विजया?"

"मला आठवत नाही, अण्णा."

त्यांनी कानामागची चकती काढली, गॅलरीच्या कठड्यावर ठेवली आणि चप्पल घालून खाली निघून गेले. कृष्णा-कोयनेच्या संगमावर जाऊन बसले असणार. जेवायला आले, पण दुपारी झोपले नाहीत. हर्षदानं यामिनीताईंना विचारून पाहिलं, की ते बीज मागे घेता येईल का. यामिनीताईंनी समजुतीच्या सुरात आठवण करून दिली की पाहुणीनं दिलेलं यजमान परत करत नाही. म्हणजे आई आता रोज दुपारी लाख घरांत जाणार, लाख जणांच्या डोळ्यांवर हात ठेवणार आणि तोच शब्द म्हणणार होती. फक्त तिचं स्वतःचं घर तेवढं रिकामं झालं होतं.

दोन दिवस बापलेक एकमेकांना मीठ-साखर विचारण्यापुरते बोलत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी हर्षदा यामिनीताईंना काय कळवायचं या विचारात लॅपटॉप उघडून बसली होती. चहाचा भरलेला कप तिनं नकळत कीबोर्डच्या काठाला टेकवला. समोर पेपर वाचणारे अण्णा एकदम खेकसले.

"तो कप लांब ठेव आधी! तुझ्या आईनं बघितलं असतं तर..."

आणि ते थांबले. हर्षदानंही हात तसाच ठेवला.

"तर काय केलं असतं?"

"काय केलं असतं! कपासकट जिन्यात काढली असती तुला." अण्णांच्या मिशीच्या टोकाला काहीतरी हललं. "त्या कुलकर्ण्याच्या पोराला न्हाई का काढलं? स्क्रीनला बोट लावलं म्हणून. बापाला बोलावून घेतलं, आणि बापानं दाखवायला पुन्हा बोट लावलं, तर बापालाबी काढलं."

हर्षदाला हसू फुटलं. "आणि चपला!"

"चपला! बाहेर वाकड्या काढल्या की खिडकीतनं भिरकावायची. माझी एक तशीच गेली. शनिवार पेठेतनं एका पायात चप्पल घालून डेपोत गेलो मी."

"आणि तुम्ही जेवायला यायचात तेव्हा तुमचे हात..."

"ग्रीसनं भरलेले."

"आणि तुम्ही दाराला हात लावायला गेलात की..."

ती बोलता बोलता थबकली, कारण तिला ते ऐकू आलं. नुसतं आठवलं नाही, ऐकू आलं. जाडसर, किंचित फाटलेला, दोन खोल्या ओलांडून येणारा आवाज, शेवटचा शब्द वर उडवणारा: "अहो! तो हात!" हा आवाज पुरात गेला असं ती इतकी वर्षं समजत होती. तो तिच्याच आत, जसाच्या तसा, कोराकरकरीत पडून होता, कारण तिनं तो कधी बाहेर काढलाच नव्हता. करवादलेल्या आईचं स्वप्न कोण बघणार? कुठल्या ओसरीवर त्याला जागा मिळाली असती? म्हणून ती आठवण कधी चाखली गेली नाही, विकली गेली नाही, आणि म्हणून वाचली.

"अहो, तो हात," हर्षदा पुटपुटली. मग मोठ्यानं, अगदी तसंच, शेवटचा शब्द वर उडवत म्हणाली, "अहो! तो हात!"

अण्णांनी पेपर खाली टाकला. दचकून त्यांनी दोन्ही हात मागे घेतले होते, दाराला लागू नयेत म्हणून घेतात तसे. आपण काय केलं हे लक्षात येऊन ते आपल्या हातांकडे पाहत राहिले, आणि त्यांचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

तेवढ्यात फोन वाजला. यामिनीताई होत्या.

"काय मग, सापडलं का काही मूळचं?"

हर्षदाची बोटं सवयीनं कीबोर्डवर गेली. इतका चांगला खडा तिच्या हाताला आयुष्यात लागला नव्हता हे तिला पुरतं कळत होतं. यावर वर्षभराची मालिका उभी राहिली असती, आणि वरती तिचं नाव. रोज एकदा चाखायचं, एवढंच. रोज एकदा.

"सापडलं," ती म्हणाली. "पण ते मी देणार नाही, ताई. दुसरं काही हवं असेल तर मनानं रचून देते."

"अगं, लोक तुझ्या आईसाठी आलेत. रचलेलं त्यांना लगेच कळेल. ते निघून जातील."

"जातील," हर्षदा म्हणाली, आणि तिला ते जाताना दिसलेही: अकोल्याच्या बाई, शिरपूरचे गुरुजी, सुपारीवाले आजोबा, सगळे चपला घालून एकेक करून निघालेले. तिला मनापासून वाईट वाटलं. तिनं यामिनीताईंचे आभार मानले आणि फोन ठेवला.

अण्णा पंच्यानं डोळे पुसत होते. खालून एक बस आवाज न करता निघून गेली.

"ती स्वप्नातली बाई," अण्णा म्हणाले, "लई गोड हुती गं. कधी आवाज चढवायची न्हाई."

"हो."

"पण तसली गोड बाई," त्यांनी नाक ओढलं, "माझ्यासंगं चार दिवस टिकली नसती."